रेव्हनहर्स्टच्या वाड्यातली शोधाशोध

पडद्यावर सामानाने गच्च भरलेली खोली, बाजूला वस्तूंची यादी आणि सरत चाललेला वेळ! बिग फिश गेम्सचा ‘मिस्टरी केस फाइल्स: रेव्हनहर्स्ट’ हा गेम २००६ साली आला. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा जुना वाडा, एमा नावाच्या स्त्रीच्या डायरीची विखुरलेली पानं आणि तिने नाकारलेला चार्ल्स डॅलिमार, असं हे रहस्य.

खरी करामत चित्रात आहे. लाकडी वस्तू लाकडावरच मिसळून टाकलेली, दुसरी एखादी सावलीत अर्धी बुडालेली. नुसतं नाव घोकून ती दिसत नाही. आकार मनात धरून कडा न्याहाळाव्या लागतात. अंदाधुंद क्लिक केलं, की वेळ कापला जातो.

वाड्यातल्या दारांची यांत्रिक कुलपं तर लाजवाब! पुढची गोष्ट ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’मध्ये, २००८ साली आली.