अंगठ्याचाही रोजा

पहाटेचे साडेचार वाजत आलेले असतात. खडकवासला धरणाच्या भिंतीवर अजून अंधार असतो, चौपाटीवरच्या कणसांच्या आणि भज्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. गावातल्या एका घरात दिवा लागतो आणि उशाशी ठेवलेला मोबाइल किणकिणतो. 'उठा, सहरीची वेळ झाली. वेळ संपायला पंचेचाळीस मिनिटे.' एके काळी हे काम गल्लीतून डफ वाजवत, हाका मारत फिरणारा माणूस करायचा. कोणत्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणत्या घराचा दरवाजा दोनदा वाजवावा लागतो, हे त्याला पाठ असे. ईदच्या दिवशी त्याला घरोघर शिरखुर्मा आणि चार पैसे मिळत. आज त्याची जागा व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने घेतली आहे.

त्याच सुमारास शेजारच्या इमारतीत एखादी नोकरदार बाई डबा करायला उठलेली असते. तीही आधी ग्रुपच उघडते. तो सोसायटीचा असतो. टँकर किती वाजता येणार, लिफ्ट दुरुस्त झाली का, सिंहगड रस्त्यावर कुठे कोंडी आहे, हे तिला तिथेच कळते. दोन घरे, दोन धर्म. पण सकाळ एकाच खिडकीतून उगवते. शाळेचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, गणेशोत्सव मंडळाचा, मशिदीच्या जमातीचा, पावसाळ्यात पाण्याच्या पातळीचा असे कितीतरी ग्रुप एका फोनमध्ये नांदत असतात. चारचौघांत बसून बोलण्याची जुनी जागा आता खिशात आली आहे. या जागेत बसायचे कसे, हे मात्र सगळ्यांनाच शिकावे लागते आहे. जिभेला लगाम घालायला शिकवणारा रमजान त्यासाठी चांगले निमित्त आहे.

निरोप पोचला नाही तेव्हा

निरोपाची किंमत काय, हे खडकवासल्याला वेगळे सांगावे लागत नाही. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात येऊन आदळला आणि त्याच दिवशी इथलीही एकोणिसाव्या शतकातली दगडी भिंत फुटली. मुठा नदी पुण्यात शिरली. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन, नदीकाठचे वाडे, दुकाने, सारे पाण्याखाली गेले. घरोघर टेलिफोन नव्हते. वर काय घडले आहे, हे खाली राहणाऱ्या बहुतेकांना पाणी दिसल्यावरच समजले. ज्यांना कुणी येऊन ओरडून सांगितले, ते हाती लागेल ते घेऊन निघाले.

आज पावसाळ्यात पाटबंधारे विभागाचा निरोप काही मिनिटांत हजारो फोनवर पोचतो: खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात इतक्या वाजता इतके क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. २५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. त्या सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरले. पूर्वसूचना वेळेवर मिळाली नाही, अशी तक्रार रहिवाशांनी केली. हातोहाती फोन असूनही ही तक्रार उरते, याचा अर्थ साधन असणे पुरेसे नाही. निरोप कुणी दिला, किती वाजता दिला आणि तो पुढे देणाऱ्याने वेळ व तारीख तशीच ठेवली का, यावर सारे अवलंबून असते. सकाळी सहाचा आकडा दहा वाजता 'ताजी बातमी' म्हणून फिरला तर तो बेसावध तरी करतो किंवा घाबरवतो तरी.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्याने दुसरी परीक्षा दिली. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलियन बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण आढळू लागले. दूषित पाण्याचा संशय होता. 'पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा, हातापायांत अचानक अशक्तपणा आला तर लगेच दवाखान्यात जा' या सूचना ग्रुपवरून घराघरांत पोचल्या आणि त्या उपयोगाच्याच होत्या. पण जिथे भीती असते तिथे ऐकीव निदानेही येतात. जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होणारा संसर्ग नाही. हे एक वाक्य शेजाऱ्याला वाळीत टाकण्यापासून वाचवू शकते, म्हणून खरी माहिती आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक इथे चैनीचा विषय राहत नाही.

एक अफवा, पाच माणसे

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा हे नाव महाराष्ट्राने विसरू नये. १ जुलै २०१८ हा रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे तिथे आली. जमावाने त्यांच्यातल्या पाच जणांना मारून टाकले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, पोटासाठी भटकणारी. त्यांच्या हातून काहीही घडले नव्हते.

त्याआधी, २ जून २०१४ रोजी, पुण्यातल्याच हडपसरमध्ये एका तरुण संगणक अभियंत्याचा जीव गेला होता. महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे समाजमाध्यमांवर आली, शहर पेटले आणि त्या चित्रांशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता तो मुलगा जमावाच्या हाती सापडला. एकीकडे गोसावी, दुसरीकडे मुसलमान. अफवा जात-धर्म पाहून थांबत नाही, समोर जो एकटा सापडेल त्याला ती गाठते.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे यंत्रालाही लगाम लागला. पण यंत्राचा लगाम माणसाला थोडा उशीर करतो, इतकेच. थांबायचे की नाही, ते अंगठाच ठरवतो.

रमजानमध्ये मौलाना दरवर्षी सांगतात की रोजा फक्त पोटाचा नसतो. डोळ्यांचा, कानांचा, जिभेचाही असतो. खोटे बोलणे ज्याने सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा आशयाची हदीस आहे. जीभ आता बरेचसे काम अंगठ्याकडून करून घेते, तेव्हा त्यानेही रोजा धरायला हवा. कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयत यावर नेमके बोट ठेवते. भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी खात्री करा, नाही तर नकळत एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. राईनपाड्याची गोष्ट वाचल्यावर या आयतीला वेगळे भाष्य लागत नाही.

मजलिसची अमानत

उर्दूत चार माणसांच्या बैठकीला मजलिस म्हणतात. मजलिसमधले बोलणे ही अमानत असते, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, असे पैगंबरांच्या वचनांत आले आहे. मराठी घरांतही वडीलधारी माणसे सांगत आली आहेत की घरातले बोलणे उंबऱ्याच्या आत राहावे. खासगी ग्रुप ही तशीच मजलिस आहे.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लावले. पाठवणारा आणि घेणारा यांच्या फोनशिवाय मधल्या कुणाला, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. सिग्नल या ॲपमध्येही हीच सोय आहे. टेलिग्रामच्या ग्रुपना मात्र असे कुलूप नसते, ते फक्त दोघांमधल्या गुप्त संभाषणापुरते असते. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो आणि 'खासगी' या शब्दावर विसंबून ते आधार कार्डापासून औषधांच्या चिठ्ठीपर्यंत सारे ग्रुपवर टाकतात.

आणि कुलूप कितीही भक्कम असले तरी ते वाटेवरचे असते. संदेश पोचला की तो माणसाच्या हाती असतो. एक स्क्रीनशॉट काढला की कुलूप संपले. एखाद्या सुनेने बहिणींच्या ग्रुपवर मन मोकळे केलेले असते आणि संध्याकाळी तेच शब्द सासरच्या ग्रुपवर असतात. दोन घरांतली बोलाचाल त्यानंतर वर्षानुवर्षे बंद होते. सूरह हुजुरातच्याच बाराव्या आयतीत दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुंगत फिरू नका आणि गीबत, म्हणजे पाठीमागे निंदा, करू नका असे बजावले आहे. धरणाचे पाणी सोडले की ते परत घेता येत नाही, हे इथले पोर सांगेल. बाहेर गेलेल्या शब्दाचेही तसेच आहे.

आत येण्याचाही शिष्टाचार आहे. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका, असे सूरह नूर सांगते. कुणाला न विचारता ग्रुपमध्ये ओढणे म्हणजे त्याचा फोन नंबर शेकडो अनोळखी माणसांपुढे ठेवणे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आज १०२४ सदस्य असू शकतात. इतक्या गर्दीला खासगी म्हणणे भाबडेपणाचे आहे. विशेषतः बायकांना याचा त्रास होतो. ग्रुपमध्ये आपल्याला कोण घेऊ शकेल हे ठरवण्याची सोय २०१९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये आहे. घरातल्या आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांना ती एकदा लावून द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

जकातीची यादी

रमजानमध्ये या साधनांचे सर्वांत सुंदर काम दिसते ते मदतीत. २०२० चा रमजान टाळेबंदीत आला. मशिदी बंद, तरावीहची नमाज घरात. तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या तरुणांनी फोनवरच याद्या केल्या, रेशनचे संच बांधले आणि घरोघर पोचवले. कुणाच्या घरी काय संपले आहे, कुणी गाडी देऊ शकेल, कोणता रस्ता बंद आहे, हे सारे एका ग्रुपवर आणि एका सामायिक तक्त्यात भरले जाई. मदत करणारे आणि घेणारे दोन्ही सर्व धर्मांचे होते. ती सवय पुढेही टिकली. आता जकात, फितरा आणि इफ्तारच्या संचांचा हिशेब बहुतेक ठिकाणी असाच ठेवतात. एकमेकांच्या सल्ल्याने काम करणे याला कुरआनात शूरा म्हटले आहे आणि त्या नावाची एक सूरहच आहे.

पण याच ठिकाणी सर्वांत मोठी चूकही होते. गुगल शीटवर विधवांची नावे, पत्ते, फोन नंबर, आधार क्रमांक भरलेले असतात आणि दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला ती यादी उघडता येते. त्याहून दुखावणारे म्हणजे छायाचित्र. पिशवी घेताना मान खाली घातलेल्या बाईचा फोटो संध्याकाळी ग्रुपवर येतो. त्याच ग्रुपमध्ये तिच्या मुलाच्या वर्गमित्राचे वडील असतात. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या मुलाला काय ऐकावे लागते, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नसतो. गरजूला गुपचूप दिलेले दान अधिक चांगले, असे सूरह बकरा सांगते. मराठीत गुप्तदान हा शब्द पूर्वापार आहे आणि देवळाच्या हुंडीत नोट टाकणारा हातही मूठ झाकूनच टाकतो.

उपाय साधे आहेत. यादीत नावाऐवजी क्रमांक ठेवावा आणि नाव-पत्त्याची वही एकाच जबाबदार माणसाकडे असावी. तक्ता 'दुवा असलेल्या सर्वांसाठी' खुला न ठेवता निवडक लोकांनाच द्यावा. आधार कार्डाचे फोटो काम झाले की पुसावेत. देणगीदारांना हिशेब हवा असतो, तो त्यांचा हक्कही आहे. त्यांना पावत्यांचा आणि पिशव्यांचा फोटो पाठवावा, चेहऱ्यांचा नको. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. हा हक्क रेशन घेणाऱ्या बाईलाही तितकाच आहे.

ॲडमिन नावाचा यजमान

सदस्याने काही आक्षेपार्ह टाकले तर ॲडमिन गुन्हेगार ठरतो का, हा प्रश्न गोंदियातल्या एका प्रकरणात न्यायालयापुढे आला. पूर्वनियोजन किंवा समान हेतू असल्याशिवाय केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. कायद्याने सूट दिली, ते योग्यच झाले. पण घरी आलेला पाहुणा भलतेसलते बोलू लागला तर यजमान विषय बदलतो, फारच झाले तर त्याला बाजूला घेऊन समजावतो. तेवढे ॲडमिननेही करावे. गैरसंदेश पुसण्याची, ठरावीक वेळी फक्त ॲडमिननेच लिहिण्याची सोय त्याच्या हाती असते. दोन धर्मांच्या माणसांच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण तिथले भांडण फोनमध्ये राहत नाही. ते जिन्यात उतरते, मुलांच्या खेळात शिरते.

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ दरवर्षी या साऱ्याची परीक्षा घेते. इफ्तार झालेला असतो, गच्चीवर लहानमोठे पश्चिमेकडे डोळे लावून उभे असतात आणि प्रत्येक फोन वाजू लागतो. अमुक गावात चांद दिसला, तमुक शहरात साक्ष मिळाली. कुठला तरी जुना फोटो पुन्हा फिरतो. चांद कमिटीचा निर्णय अजून आलेला नसतो. कुणी घाईने 'ईद मुबारक' लिहितो, आणि तासाभराने कळते की उद्याही रोजा आहे.

त्या वेळी गच्चीवरचे एखादे बुजुर्ग फोन कुर्त्याच्या खिशात ठेवतात आणि नातवाला म्हणतात, 'बेटा, सबर कर. चांद असेल तर दिसेल.' नातू टाइप केलेला संदेश पुसतो. शेजारच्या गच्चीवरून काकू विचारतात, 'उद्या ईद का हो चाचा?' चाचा म्हणतात, 'अजून नक्की नाही वहिनी. कळले की पहिल्यांदा तुम्हालाच सांगतो.'