कचेरी सुटल्यावर

१९१३ साल स्वदेशी बँकांना फार वाईट गेलं. सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बसली आणि तिच्यामागे एकेक बँक कोसळू लागली. वर्ष सरण्याआधी मुंबईची इंडियन स्पेसी बँकही गेली. तिचे कर्तेधर्ते चुनीलाल सरैया चांदीच्या सट्ट्यात गळ्यापर्यंत रुतले होते. बुडालेले ठेवीदार बँकांच्या दाराशी ताटकळत असताना, ऑक्टोबर महिन्यात, मुंबईत सरकारी कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झालं. पुढे त्याला सिडनहॅम हे नाव मिळालं. सर जॉर्ज क्लार्क म्हणजेच लॉर्ड सिडनहॅम हे तेव्हा नुकतेच पायउतार झालेले गव्हर्नर. टिळकांना १९०८ साली मंडालेला धाडलं तेही यांच्याच कारकिर्दीत. मुंबईच्या मराठी कारकुनाने त्यांचं नाव पदवीबरोबर आयुष्यभर मिरवलं, यात गंमत आहे खरी.

हे आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय, असं अभिमानाने सांगितलं जातं. टोकियोतली व्यापारी शाळा १८७५ पासून चालू होती, तेव्हा हा अभिमान जरा बेतानेच बाळगावा. खुद्द मुंबईतही सोराबजी दावर यांनी १९०० सालीच व्यापारी शिक्षणाची खासगी संस्था काढली होती. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला मात्र व्यापार हा पदवीच्या लायकीचा विषय वाटायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. कापसाच्या आणि गिरण्यांच्या जिवावर वाढलेल्या शहरात!

तोवर हिशेब कुठे शिकत? पेढीवर. रोजकीर्द, खतावणी, हुंडी, व्याजाचे आडाखे हे सगळं मुनीम पोराला शेजारी बसवून शिकवी, आणि ते शिक्षण कच्चं मुळीच नव्हतं. पण पेढीचा मालक आणि पेढीतला पैसा एकाच घरचा असे. शेअर विकून उभ्या केलेल्या कंपनीत पैसा हजारोंचा, कारभार चार डायरेक्टरांचा. तिथे ताळेबंद खरा की खोटा हे सांगायला तिसरा माणूस लागतो. १९१३ च्याच कंपनी कायद्याने हा तिसरा माणूस सक्तीचा केला. सरकारी दाखला असलेला हिशेब तपासनीसच कंपनीचे हिशेब तपासू शकेल, असं ठरलं. बँका बुडाल्या, कायदा आला आणि कॉलेज निघालं, हे तिन्ही एकाच वर्षात. ठरवून झालं नसेल, पण गरज एकच होती. १९१८ मध्ये मुंबईत सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमा सुरू झाला. जी. डी. ए. ही तीन अक्षरं नावापुढे लावलेल्या पाट्या फोर्टात दिसू लागल्या. पुस्तकी परीक्षेइतकीच त्यात ऑडिटरच्या हाताखालची उमेदवारी महत्त्वाची होती, म्हणजे मुनिमाची रीत नव्या कपड्यांत परत आलीच म्हणायची.

सिडनहॅमची घडी बसवली ती पर्सी अ‍ॅन्स्टी या प्राचार्यांनी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला आणि काही काळ रंगभूमीवर वावरलेला हा माणूस १९२० मध्ये मुंबईतच पटकीने गेला. त्यांच्या पत्नी व्हेरा इंग्लंडला परतल्या. हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावरचं त्यांचं पुस्तक पुढे कैक वर्षं अभ्यासक्रमांत होतं.

कायद्याचं शिक्षण त्यामानाने जुनं. सरकारी लॉ स्कूल १८५५ चं, विद्यापीठाहूनही दोन वर्षांनी थोरलं. थाट मात्र काहीच नाही. बराच काळ स्वतःची इमारत नाही, वर्ग एल्फिन्स्टनच्या आसऱ्याने. शिकवणारे वकील-बॅरिस्टर दिवसभर हायकोर्टात उभे राहून, उरल्या वेळात वर्गावर येत. ऐकणारेही दिवसभर कुठे मास्तरकी, कुठे कारकुनी करून आलेले. लॉच्या टर्म्स भरायच्या, हजेरी लावायची, परीक्षेच्या आधी गाइडं पाठ करायची, असाच पुष्कळांचा क्रम. या पद्धतीचं कौतुक करण्यासारखं फारसं नाही. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीने १९२४ मध्ये जे. आर. घारपुरे यांच्या हाती स्वतंत्र लॉ कॉलेज सोपवलं, त्याचं कारण या अर्धवेळ कारभारात शोधता येईल.

आणि तरी याच ढिल्या व्यवस्थेतून पांडुरंग वामन काणे निघाले. चिपळूणकडचे काणे सरकारी शाळांत शिकवत, तशातच त्यांनी १९०८ साली एलएल. बी. केलं; १९१२ साली एलएल. एम. झाले. शाळामास्तरकी सोडून ते हायकोर्टात वकिली करू लागले आणि १९१७ पासून काही वर्षं लॉ स्कूलमध्येच प्राध्यापक होते. संस्कृतचा पंडित हिंदू कायदा शिकवतो म्हणजे काय, हे मुंबईतच नीट कळावं. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण इथे वारसाच्या खटल्यात नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हा ग्रंथ वरचढ, उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा. सतराव्या शतकातल्या ग्रंथातल्या एका ओळीच्या अर्थावर चाळी आणि जमिनी इकडच्या तिकडे होत. काण्यांनी मयूखाची चिकित्सक आवृत्ती १९२६ मध्ये काढली आणि १९३० पासून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड येऊ लागले.

वाणिज्य आणि कायदा या दोन्ही वाटा एकाच माणसाच्या आयुष्यात मिळतात ते बाबासाहेब आंबेडकरांच्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार साडेचारशे रुपये. हा काय शिकवणार, असं पोरांना आधी वाटलं, मग दुसऱ्या कॉलेजांतली पोरंही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. अध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर मात्र काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. अर्थशास्त्राच्या तासाला आणि त्या भांड्याला एकच छप्पर होतं. पगारातून पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

बॅरिस्टर होऊन परतले तरी हायकोर्टात ब्रीफ मिळेनात. अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर काम कुठून देणार? तेव्हा १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. ती परीक्षेची तयारी करून घेणारी खासगी संस्था. कोर्टाने जे नाकारलं ते ऑडिटर होऊ पाहणाऱ्या पोरांच्या फीतून थोडंफार भरून निघालं. १९२८ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजात, म्हणजे आधीच्या लॉ स्कूलमध्ये, हंगामी प्राध्यापक आणि १ जून १९३५ रोजी तिथेच प्राचार्य झाले.

नोकरी करत शिकणं म्हणजे काय, हे त्यांना वर्गाच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. त्यांनी काढलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज जून १९४६ मध्ये उघडलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले गेले, म्हणजे विद्यार्थ्यांना दिवसभर कामाला जाता येईल. पुढे याच संस्थेने वाणिज्याचं आणि कायद्याचं कॉलेजही काढलं.