हनिमूनसाठी डोंगर आणि गरम पाण्याचे झरे : सुट्टी पाचच दिवसांची असेल तर प्लॅन कसा कराल?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नांचा सीझन सुरू होतो आणि सुट्ट्यांचा हिशोबही. ऑफिसातून कशीबशी मंजूर झालेली दहा-बारा दिवसांची रजा हळद, लग्न, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांची जेवणं यात कधी संपते ते कळत नाही. हनिमूनसाठी उरतात चार-पाच दिवस. तेही दमलेल्या दोन माणसांचे. लग्न ठरवून झालं असेल, तर दोघांना सलग दोन तास निवांत बोलायला मिळण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असते.

'कुठेतरी डोंगरात, गर्दी नको, थंडी हवी आणि गरम पाण्याचे झरे असले तर उत्तमच' अशी अपेक्षा असेल तर आपल्या देशात पहिलं नाव येतं हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू खोऱ्याचं. वशिष्ठ, कलाथ, मणिकर्ण, खीरगंगा हे सगळे झरे याच जिल्ह्यात आहेत. जागा बरोबर आहे. चुकतो तो प्लॅन.

पॅकेजमधले तास मोजा

सगळ्यात जास्त विकलं जातं ते 'शिमला-मनाली, ५ रात्री ६ दिवस'. त्यातला गाडीतला वेळ कधी मोजलाय? चंडीगड ते शिमला सुमारे चार तास. शिमला ते मनाली अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घाटात आठ तास. मनालीहून 'मणिकर्ण साइटसीइंग' जाऊन-येऊन सहा तास. मनाली ते चंडीगड परत आठ तास. बेरीज २६ तास. वाटेत ट्रॅफिक लागलं नाही आणि गाडी बंद पडली नाही, असं धरून. यात मुंबई-पुण्याहून चंडीगडपर्यंतचा प्रवास आणि सोलंगचा दिवस धरलेलाच नाही.

म्हणून पहिला निर्णय शिमला वगळण्याचा. दुसरा निर्णय भुंतरला घ्यायचा असतो. भुंतर हे ब्यास आणि पार्वती या नद्यांच्या संगमावरचं गाव. इथून एक रस्ता कुल्लू-मनालीकडे सरळ वर जातो, दुसरा पार्वती खोऱ्यात शिरून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या मणिकर्णला पोहोचतो. पाच दिवस असतील तर दोन्हींपैकी एकच खोरं निवडा. दोन्ही करायला गेलात तर गाडीच्या काचेतून डोंगर बघून परत याल.

नग्गर : बऱ्याच जणांच्या यादीत नसलेलं गाव

आम्ही विचाराल तर ब्यासचं खोरं घ्या, पण मुक्काम मनालीत नको, नग्गरमध्ये करा. मनालीपासून साधारण २० किलोमीटर अलीकडे, नदीच्या डाव्या काठावर, सुमारे १,८०० मीटर उंचीवर हे गाव आहे. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. दगड आणि लाकडाचे थर एकावर एक रचून बांधलेला त्यांचा वाडा आजही उभा आहे आणि हिमाचलचं पर्यटन महामंडळ तिथे हॉटेल चालवतं.

रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू होईपर्यंत नग्गरमध्येच राहिले. त्यांच्या घरात आता चित्रसंग्रहालय आहे. हिंदी सिनेमाच्या चाहत्यांसाठी आणखी एक गोष्ट : मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या देविका राणी यांनी १९४५ मध्ये रोरिक यांचे चिरंजीव स्वेतोस्लाव यांच्याशी लग्न केलं, सिनेमा सोडला आणि सुरुवातीची काही वर्षं याच खोऱ्यात काढली. हनिमूनला जाणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली शिफारस आमच्याकडे नाही.

नग्गरहून डाव्या काठाच्याच रस्त्याने, जगतसुखमार्गे तासाभरात वशिष्ठ गाठता येतं. हे गाव मनालीच्या अगदी समोर, तीन किलोमीटरवर. सकाळी लवकर निघालात तर दिवसाची गर्दी वर यायच्या आत तुमचं स्नान उरकलेलं असेल. कलाथचा झरा मनालीच्या थोडा अलीकडे, नदीच्या दुसऱ्या काठावर, हायवेलगत आहे.

पार्वती खोरंच निवडलंत, तर कसोलबद्दल एक सूचना. फोटोत ते शांत दिसतं, पण शनिवार-रविवारी तिथे दिल्ली-चंडीगडच्या गाड्यांची रांग आणि कॅफेंमधलं संगीत असतं. खीरगंगेचं कुंड सुंदर आहे, पण ते जवळपास २,९५० मीटरवर, बरशैणीहून चार-पाच तासांच्या चढणीनंतर. लग्नाच्या थकव्यावर हा उतारा नव्हे.

ज्वालामुखी नाही, मग पाणी गरम का?

हिमालयात धगधगता ज्वालामुखी नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतं. जमिनीत खाली जाल तसं तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून दाबाने वर येतं. ते थंड व्हायच्या आत पृष्ठभागावर पोहोचलं की झाला गरम झरा.

मणिकर्णला हे पाणी ९० अंशांच्याही पुढे असतं. गाव १,७०० मीटरहून उंच असल्याने तिथे पाणी मुळात ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे झऱ्याचं पाणी अक्षरशः उकळीला आलेलं असतं. तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरसाठी तांदूळ-डाळ याच पाण्यात शिजवतात. तेव्हा स्नानाच्या कुंडाशिवाय कुठेही हात घालून बघू नका. स्नानाच्या कुंडात थंड पाणी मिसळलेलं असतं.

इन्स्टाग्रामवरचं कुंड आणि प्रत्यक्षातलं कुंड

नवीन जोडप्यांचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथे होतो. रीलमध्ये दिसतं ते वाफाळतं पाणी, समोर बर्फाचा डोंगर आणि पाण्यात दोघंच. प्रत्यक्षात वशिष्ठचं कुंड मंदिराच्या आवारात आहे, मणिकर्णचं गुरुद्वाऱ्यात. दोन्हीकडे स्त्रिया आणि पुरुषांची कुंडं वेगळी. दोघांनी एकत्र पाण्यात उतरणं या सार्वजनिक कुंडांत शक्य नाही. ही स्थानिकांची रोजच्या आंघोळीची आणि श्रद्धेची जागा आहे. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी लागते. कुंडात साबण नको आणि फोन तर नकोच.

एकत्र डुंबायचंच असेल तर झऱ्याचं पाणी पाइपने खोलीत किंवा खासगी टाकीत आणलेलं हॉटेल शोधावं लागतं. बुकिंगआधी फोन करून थेट विचारा : पाणी झऱ्याचं की गिझरचं? टाकी दुसऱ्यांसोबत वापरायची की फक्त आपल्याला? रोज रिकामी करता का? 'हॉट वॉटर पूल' या शब्दांत यातलं काहीच कळत नाही. आणि हिवाळ्यात जात असाल तर खोलीतल्या हीटरचे पैसे वेगळे आहेत का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी असतात.

जोडवी काढून ठेवा

वशिष्ठच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. या वायूचा चांदीशी संयोग झाला की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं आणि ते काळं असतं. म्हणजे लग्नात घातलेली चांदीची जोडवी आणि पैंजण पहिल्याच स्नानात काळवंडू शकतात. शुद्ध सोन्याला काही होत नाही, पण दागिन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, त्यामुळे मंगळसूत्राची चमकही जाऊ शकते. सगळं आधीच काढून खोलीत ठेवा. राहून गेलंच तर घाबरू नका. काळा थर वरवरचा असतो, सराफाकडे पॉलिशने निघतो.

दंतकथेप्रमाणे मणिकर्णला पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात हरवला आणि गावाला नाव मिळालं. दागिने काढून ठेवण्याचा सल्ला तसा जुनाच म्हणायचा.

हातावरची मेंदी गरम पाण्यात लवकर उतरते, तेव्हा हवे ते फोटो आधी काढा.

आता तब्येतीचं. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उभं राहिलं की चक्कर येते. मद्य घेऊन पाण्यात उतरू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गर्भधारणेची शक्यता असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. डोकं पाण्याखाली नेऊ नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा असू शकतो. त्याचा संसर्ग अतिशय दुर्मिळ आहे, पण तो नाकावाटे होतो आणि बहुतेकदा जीवघेणा ठरतो.

कधी जायचं?

आमचं मत : नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य. आकाश स्वच्छ, गर्दी कमी, आणि गरम पाण्याची खरी मजा येईल इतकी थंडी. नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा टाळा. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ मिळेल, पण रस्ते बंद होऊ शकतात आणि अटल बोगद्याकडे बहुतेकदा फोर बाय फोर गाड्यांनाच सोडतात. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० पासून खुला आहे. हवामान साथ देत असेल तर नग्गरहून एका दिवसात पलीकडच्या लाहौलमध्ये डोकावून येता येतं. मे-जूनमध्ये मनालीचा रस्ता म्हणजे दादर स्टेशनबाहेरची संध्याकाळ. जुलै ते सप्टेंबर नाहीच. जुलै २०२३ मध्ये ब्यासच्या पुराने याच हायवेचे मोठे भाग वाहून नेले होते.

तिकीट काढताना आडनाव

ही चूक फार होते. हौसेने नवरीच्या नव्या आडनावाने विमानाचं तिकीट काढलं जातं आणि आधार कार्डावर माहेरचं नाव असतं. ओळखपत्रावर जे नाव आहे त्याच नावाने तिकीट काढा. हॉटेलसाठी दोघांचीही मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

मुंबई किंवा पुण्याहून सकाळची चंडीगड फ्लाइट घेतली तर रात्रीपर्यंत नग्गर गाठता येतं. अंधारात घाट नको असेल तर वाटेत मंडीला थांबा. भुंतरला विमानतळ आहे, पण डोंगरांच्या बेचक्यात आणि आखूड धावपट्टीचा. हवा बिघडली की विमान रद्द. पाच दिवसांच्या सुट्टीत त्यावर भिस्त ठेवू नका.

दोनच दिवस मिळत असतील तर?

मग कोकण. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी गरम झऱ्यांची माळच आहे : वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरजवळची तुरळ आणि राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. नावं नीट पाहा. 'ऊन ऊन भात' म्हणताना आपण ज्या अर्थाने ऊन म्हणतो, तेच ऊन या गावांच्या नावात आहे. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास, म्हणजे थेट अंगावर घेण्यासारखं नाही. अंगावर घ्यायचं ते स्नानासाठी बांधलेल्या कुंडातलंच.

सोयीच्या दृष्टीने तुरळ-राजवाडी उत्तम. कोकण रेल्वेच्या संगमेश्वर रोड स्टेशनला उतरायचं, पुढे रिक्षा. एक दिवस झऱ्याला, एक दिवस सह्याद्रीच्या कड्यातल्या मार्लेश्वरला. जायचं मात्र डिसेंबर-जानेवारीतच. मे महिन्यात कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचा बेत कोणी सुचवला, तर ती व्यक्ती कोकणातली नाही एवढं समजा.