प्रयोगाचा ताणा कोणाच्या खर्चाने?

हातमाग टिकवायचा असेल तर विणकरांनी नवनवे प्रयोग केले पाहिजेत, असा उपदेश आपल्याकडे वारंवार केला जातो. उपदेश योग्यच आहे. परंतु प्रयोगाचा खर्च कोणी सोसायचा, हा अर्थशास्त्रातील साधा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो.

गुजरातेतील पाटणचे मशरू या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मूळ मशरूत ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. ताण्याचे धागे इतके दाट की दर्शनी बाजूस रेशीमच झळकते; अंगाला लागते ते सूत. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये, या धार्मिक संकेताला धरून काढलेली ही तोड; ‘मशरू’ म्हणजे धर्मसंमत. विसाव्या शतकात महाग रेशमाची जागा बव्हंशी रेयॉनने घेतली. या कापडातील सर्वांत मोठा प्रयोग असा बाजारभावाने घडविला.

आता या ताण्यावर आपल्या मराठवाड्यातील हिमरूप्रमाणे जादा बाण्याची बुट्टी काढायची झाली, तर बारीक धागा दाट ताण्यात बुडतो. जाड धागा उठून दिसतो, पण त्याचे लांब टाके कशातही अडकतात. तरीही बाण्यातील चूक चार बोटे उसवून सुधारता येते. वाया जातो तो वेळ. ताण्याचे तसे नाही. त्याचे रंग, पट्टे, दाटपणा विणण्यापूर्वीच ठरतात. नवा धागा फणीच्या घर्षणाने तुटू लागला, तर अनेक मीटरांचे सूत आणि मांडणीची मजुरी दोन्ही बुडतात. बाणा हा चालू खर्च, तर ताणा ही भांडवली गुंतवणूक होय.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख विणकर व साहाय्यक कामगार आढळले. त्यांच्या सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी होते. अशा घराने एक ताणा पणाला लावावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. जुन्याच नक्षीला चिकटून राहणे हा त्याचा आळस नव्हे, तो हिशेब आहे.

१९५० च्या दशकापासून शासनाची विणकर सेवा केंद्रे नवे नमुने व तंत्र शिकवीत आली आहेत. त्यांच्या जोडीला एवढेच हवे: विणकराच्या घरच्या मागावरील पहिला प्रायोगिक ताणा, तो साधो वा फसो, सहकारी संस्थेने वा शासनाने विकत घ्यावा आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी. धोक्याची वाटणी न करता धाडसाची मागणी करणे न्याय्य नव्हे.