भोवऱ्यात खर्ची पडणारी ताकद
ओळख हृदयाची : भाग ६

चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, अशी तक्रार असलेल्या सोनगीरच्या रुग्णाला डॉक्टर ‘टू-डी इको करून या’ म्हणतात आणि आग्रा रोडने वीसेक किलोमीटरवरचे धुळे गाठावे लागते. तिथे डाव्या कुशीवर निजवून, छातीला गार जेल लावून प्रोब फिरवतात. प्रोबकडे येणारे रक्त पडद्यावर लाल दिसते, दूर जाणारे निळे. रिपोर्ट हाती आला की घरच्यांचा एकच प्रश्न : ‘पंपिंग किती?’

साठ टक्के म्हटले की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. पण कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर पडले, एवढेच हा आकडा सांगतो. ते ढकलताना किती ताकद फुकट गेली, याचा त्यात पत्ता नसतो.

फुकट जाते ती कशी? १८८४मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना खानदेशात पांझरेच्या प्रवाहापलीकडे पाणी नेणारा नळाचा सायफन बांधायचे काम मिळाले होते. अशा नळात पाणी वळणावर, अरुंद तोंडाशी घुसळते, दाब घटतो आणि पलीकडे ते तेवढ्याच उंचीवर चढत नाही. हृदयातही हेच घडते. त्यात रक्त पाण्यापेक्षा तीन-चार पट चिकट. शेजारचे थर कमी-जास्त वेगाने सरकले की घर्षण होते आणि ताकदीची उष्णता होऊन जाते.

तरी प्रत्येक भोवरा वाईट नसतो. डाव्या खालच्या कप्प्यात शिरणारे रक्त निरोगी माणसातही गोल फिरते आणि आपला वेग न गमावता महाधमनीच्या तोंडाकडे वळते.

ताकदीचा हा तोटा मोजायला प्रत्येक बिंदूवरचा वेग दिशेसकट हवा. इकोत लाल-निळे रंग दाखवणाऱ्या डॉप्लर तंत्राला मात्र ध्वनिलहरीच्या रेषेतलाच वेग कळतो. आडवा वेग त्याला दिसत नाही. जपानमध्ये विकसित झालेले ‘व्हेक्टर फ्लो मॅपिंग’ तो गणिताने काढते. कप्प्याच्या भिंती किती हलल्या हे चित्रातल्या बारीक ठिपक्यांवरून टिपायचे आणि रक्त मध्येच नाहीसे होत नाही, हा नियम लावायचा. मग शेजारशेजारच्या वेगांतल्या फरकावरून तोटा मिळतो. चित्र पातळ कापाचे असल्याने तो बहुधा मीटरमागे मिलिवॉटमध्ये सांगतात.

यांत्रिक झडप बसवलेल्या काही रुग्णांत भोवरा उलटा फिरतो आणि तोटा वाढतो, हे या पद्धतीने दिसले. अडचणीही आहेत. वेग मर्यादेबाहेर गेला की रंग उलटतात, नाडी वाढली की आकडा बदलतो आणि खरा भोवरा एका कापात मावत नाही. म्हणूनच नेहमीच्या इको रिपोर्टमध्ये हा आकडा सहसा आढळत नाही.

पुढील भागात : अरुंद झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने सुटले की दाबातला फरक ६४ मिलिमीटर पारा धरतात. हा हिशेब येतो कुठून आणि त्यातला काही दाब महाधमनीत परत कसा मिळतो?