कृत्रिम हाताला स्पर्श कळला तर

पाण्याने भरलेला पातळ प्लास्टिकचा ग्लास उचलून पाहा. तो चेपत नाही आणि हातातून निसटतही नाही. किती जोर लावायचा हे आपण ठरवत बसत नाही. ते काम कातडी करते. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत दाब, ताण, थरथर ओळखणारे सुमारे १७ हजार स्पर्शतंतू असतात, सर्वात दाट बोटांच्या टोकांना. वस्तू किंचित सरकली तरी खबर नसांवाटे जाते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते.

यंत्राचा हात अडतो तो इथेच. मोटर लावून बोटे मिटवता येतात. पण हातात लोखंडी सळई आहे की पिकलेला टोमॅटो, हे मोटरला कळत नाही. म्हणून रोबोटच्या बोटांवर दाब ओळखणारे सेन्सर बसवतात. एका प्रकारात खास रबराचा थर असतो. तो दाबला गेला की त्यातून वीज जास्त वाहते, आणि त्यावरून दाब मोजतात. दुसऱ्या प्रकारात मऊ जेलच्या मागे छोटा कॅमेरा असतो. वस्तू टेकली की जेलवर उमटणारा ठसा तो टिपतो. दाब पुरेसा झाला की मोटर थांबते.

कारखान्यातल्या रोबोटला एवढे पुरते. हात गमावलेल्या माणसाला मात्र तो दाब स्वतःला जाणवायला हवा. डेन्मार्कचे डेनिस आबो सोरेन्सेन यांचा डावा हात फटाक्याच्या अपघातात गेला होता. नऊ वर्षांनी, २०१३ साली, रोमच्या जेमेली रुग्णालयात त्यांच्या दंडातल्या नसांत बारीक इलेक्ट्रोड बसवले. कृत्रिम हाताने धरलेल्या वस्तूचा दाब विजेच्या हलक्या ठोक्यांत बदलून नसांना दिला. डोळे बांधलेले असतानाही वस्तू कडक आहे की मऊ, तिचा आकार कसा, हे ते ओळखू लागले. पंजा गेला तरी वरच्या नसा निरोप न्यायला तयार होत्या.

अमेरिकेत क्लीव्हलँडला इगोर स्पेटिक या कामगारावर असाच प्रयोग झाला. त्यांचा उजवा हात कामावरच्या अपघातात गेला होता. कृत्रिम हातात चेरी धरून तिचा देठ काढायचा, ही परीक्षा. स्पर्श बंद असताना बऱ्याच चेरी चिरडल्या; स्पर्श सुरू केल्यावर त्या शाबूत राहू लागल्या.

हे हात अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. कातडीतून बाहेर येणाऱ्या तारांपाशी जंतुसंसर्गाची भीती असते. सोरेन्सेन यांचे इलेक्ट्रोड चाचणीच्या नियमानुसार महिन्याभराने काढावे लागले. शस्त्रक्रियेविना करायचा एक उपायही संशोधक वापरतात. बोटावर दाब आला की दंडावर बांधलेली छोटी मोटर थरथरते, मोबाइल खिशात थरथरतो तशी.

आम्ही वस्तीत काम करताना प्रेस मशीनवर पंजा गमावलेले भाऊ भेटतात. मिळालेला कृत्रिम हात ट्रंकेत पडून असतो, आणि घरचे म्हणतात, "आळस करतो." घरच्यांना आमचे सांगणे आहे की हा आळस नव्हे. स्पर्श नसलेल्या हाताने कप धरायचा तर नजर सतत त्यावर ठेवावी लागते. माणूस थकतो. म्हणून हात मिळाल्यावर तो वापरण्याचा सराव करून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. जिथून हात मिळाला तिथे सरावासाठी पुन्हा जा, टोचत असेल तर दुरुस्त करून मागा.

ज्यांचे हातपाय शाबूत आहेत, त्यांचाही स्पर्श जाऊ शकतो. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, कुष्ठरोगात हातापायांच्या. मग गरम तवा किंवा चपलेतला खिळा कळत नाही आणि जखम चिघळते. मधुमेह्यांच्या पायाची तपासणी साध्या नायलॉनच्या धाग्याने होते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा हा धागा तळव्याला टेकवतात. तो जाणवला नाही तर पाय धोक्यात आहे असे समजावे.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या. पाय बधिर असतील तर रोज रात्री तळवे डोळ्यांनी पाहा. हात बधिर असतील तर भांडे फडक्याने किंवा लाकडी मुठीने धरा. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर नसा वाचतात.