एअर रायफलमध्ये हवा भरायची कुठून?

दहा मीटर एअर रायफलच्या नळीखालच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा भरतात. मोटारीच्या चाकात हा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, त्यामुळे पंक्चरवाल्याचा कंप्रेसर इथे कामाचा नाही. रायफलमधला रेग्युलेटर या साठ्यातून दर फैरीला मोजकी हवा सोडतो. साठ्याचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली उतरला की छर्रे मंदावतात आणि लक्ष्यावर खाली लागू लागतात. म्हणून बरेच नेमबाज 100 बारच्या आसपासच पुन्हा हवा भरतात.

सर्वांत स्वस्त आणि स्वतंत्र सोय म्हणजे तीन टप्प्यांचा हातपंप. 200 मिलिलिटरचा सिलिंडर 100 वरून 200 बारवर न्यायला साधारण 20 लिटर साधी हवा कोंबावी लागते. पंपाच्या आकारानुसार त्याला शंभराच्या आसपास हापसे लागतात, आणि शेवटचे हापसे अंगाचा सगळा भार टाकून मारावे लागतात. मध्ये थांबून पंप निवू द्यावा, नाहीतर आतले सील लवकर जातात. एकट्याने घरी सराव करणाऱ्याला हातपंप पुरतो. बारा-पंधरा मुलांच्या क्लबला तो पुरणार नाही.

क्लबसाठी मोठी टाकी हवी, आणि निवडीत चूक होते ती इथेच. टाकी किती मोठी आहे यापेक्षा तिच्यात रायफलच्या दाबाच्या वर किती हवा उरते, हे महत्त्वाचे. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा झाला की थांबते. 12 लिटरची पोलादी स्कुबा टाकी 232 बारला भरली, तर 200 च्या वरचे फक्त 32 बार पूर्ण भरणीच्या कामाचे. त्यातून वरचा सिलिंडर अठरा-एकोणीस वेळा पूर्ण भरेल. कार्बन फायबरची 6.8 लिटरची टाकी 300 बारची असते. ती आकाराने जवळपास निम्मी असूनही तिशीच्या आसपास पूर्ण भरण्या देते. पुढेही दोन्ही टाक्यांतून हवा मिळत राहते, पण दरवेळी 200 पेक्षा थोडी कमी. तारकर्ली किंवा गोव्याच्या डायव्हिंग केंद्रांवर वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या टाक्या बहुधा 200 बारच्याच असतात. अशी टाकी रायफलला पूर्ण दाब देईल, ही अपेक्षा धरू नये. 300 बारची टाकी घेण्याआधी जवळपास कोणाचा कंप्रेसर तेवढा दाब देतो, हे विचारून घ्यावे.

दोन टाक्या असतील तर आधी कमी दाबाच्या टाकीतून हवा घ्यावी आणि शेवटचा टप्पा जास्त दाबाच्या टाकीने पुरा करावा. वरच्या दाबाची मौल्यवान हवा अशाने पुष्कळ वाचते.

स्वतःचा उच्च दाबाचा कंप्रेसर महाग पडतो, शिवाय त्याची देखभाल चुकत नाही. त्यातली खरी अडचण बाष्पाची. हवा दोनशे पट दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते, आणि पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत ती भरपूर असते. हे पाणी सिलिंडरमध्ये गेले तर आतून गंज धरतो आणि रेग्युलेटर बिघडतो. म्हणून पाणी काढण्याचा व्हॉल्व्ह आणि ओलावा शोषणारा फिल्टर नसलेला कंप्रेसर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. फिल्टरमधला माल वेळच्या वेळी बदलावा.

भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडावा. हवा झपाट्याने आत गेली की सिलिंडर तापतो. काटा 200 वर दिसतो, पण सिलिंडर निवला की दाब उतरलेला असतो. भरून झाल्यावर जोडनळीतली हवा सोडल्याशिवाय जोड उकलू नये. वैद्यकीय किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन तर कधीच भरू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब मिळाला तरी स्फोट होऊ शकतो, आणि त्यात रायफल धरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

भारतात दाबाच्या टाक्यांना गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. जुनी टाकी विकत घेताना मानेजवळ कोरलेली जलदाब चाचणीची तारीख आधी वाचावी. चाचणीची मुदत टळलेली टाकी जबाबदार केंद्र भरून देत नाही. रायफलच्या सिलिंडरलाही आयुष्य असते. बहुतेक उत्पादक ते 10 वर्षांचे ठरवतात, आणि सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी स्पर्धेत नेमबाजावरच असते.